अकरावा ट्रे नीट बसत नाही. बारावा घालावा की थांबावे?

सुरूबन :

नमस्कार. मी गुहागर तालुक्यातील एका गावात शिक्षिका आहे आणि पुण्यातील एका दवाखान्यात माझ्या दातांवर अलायनरचे, म्हणजे दात सरळ करणाऱ्या प्लास्टिकच्या काढता-घालता येणाऱ्या ट्रेंचे, उपचार सुरू आहेत. मे महिन्याच्या अखेरीस पहिला ट्रे घातला. एकूण २४ ट्रे आहेत आणि दर दहा दिवसांनी पुढचा घालायचा आहे. सातव्यापासून चौदाव्यापर्यंतचे ट्रे मला कुरिअरने आले. त्यांतील अकरावा सध्या तोंडात आहे आणि त्याला आज बारा दिवस झाले.

अडचणी तीन आहेत. वरच्या उजव्या बाजूचा सुळ्याच्या अलीकडचा पटाशीचा दात ट्रेमध्ये पूर्ण शिरत नाही. त्याची कड आणि प्लास्टिक यांच्यात नखाच्या जाडीपेक्षा थोडी जास्त फट दिसते, बाकीचे दात मात्र चपखल बसतात. दुसरे म्हणजे, डाव्या खालच्या सुळ्यावर चिकटवलेला दाताच्या रंगाचा उंचवटा, ज्याला दवाखान्यात अटॅचमेंट म्हणतात, तो निघून गेला आहे. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी घरात कुर्ल्या आल्या आणि महिनाभराच्या शाकाहारानंतर मी नांगी दातांनीच फोडली, तेव्हा हा दोष सर्वस्वी माझा आहे. तिसरी गोष्ट मला अधिक घाबरवते. ट्रे काढून जेवायला बसले की मागच्या दाढा एकमेकींना टेकत नाहीत आणि भाकरी पुढच्या दातांनीच चावत असल्यासारखे वाटते.

दवाखान्यात फोन केला तेव्हा तेथील बाईंनी सांगितले, की फट असली तरी बारावा ट्रे सुरू करा, तो दाताला ओढून घेईल. माझी पुढची भेट पाच आठवड्यांनी आहे. केवळ शंका विचारण्यासाठी पुण्याला जायचे तर शाळेची रजा काढून पूर्ण दोन दिवस मोडतात. मी बारावा घालावा का?

तिरफळ :

ताई, मलाही पाचव्या ट्रेला अशीच फट आली होती. मावसभावाच्या सांगण्यावरून मी ट्रे गरम पाण्यात बुडवून थोडा मऊ केला आणि दात घट्ट आवळून बसवला, तर तो लगेच बसला. तुम्हीही करून पाहायला हरकत नाही. बाकी दवाखान्याने बारावा घाला म्हटले असेल तर घालावा, असे माझे मत आहे, कारण आराखडा शेवटी त्यांचा आहे.

खाडीकाठचा दंतवैद्य :

मी रत्नागिरी जिल्ह्यातच ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणारा दंतवैद्य, म्हणून काम करतो. तोंड न पाहता निदान करू नये हा नियम मी येथेही पाळणार आहे. परंतु अशा वेळी आम्ही कोणत्या क्रमाने विचार करतो ते सांगता येईल, म्हणजे तुम्हाला तुमच्या डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता येतील.

तिरफळ यांची क्षमा मागून आधी गरम पाण्याविषयी लिहितो. प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून साच्यावर ओढला की ट्रे तयार होतो. तोच ट्रे पुन्हा तापवून दातांवर दाबला तर तो दातांच्या आजच्या वेड्यावाकड्या ठेवणीचा आकार घेतो, आणि म्हणून तो 'बसतो'. दात ट्रेसारखा झाला नाही, ट्रे दातासारखा झाला. ज्या जोराने दात हलायचा होता तो जोरच निघून गेला. ट्रे धुण्यासाठीही साधे किंवा जेमतेम कोमट पाणीच वापरावे.

आता बाराव्याचा प्रश्न. एका ट्रेमागे दात साधारण पाव मिलिमीटर सरकावा किंवा दोनएक अंश फिरावा, असा आराखडा असतो, आणि बारावा ट्रे बनवताना तुमचा प्रत्येक दात अकराव्याच्या जागी पोहोचला आहे हे गृहीत धरलेले असते. एखादा दात तीन ट्रेंनी मागे असेल तर बारावा त्याच्याकडून एकदम एक मिलिमीटरची मागणी करतो. ती मागणी दात पुरी करू शकत नाही आणि प्लास्टिकची त्यावरची पकडच सुटते. सुळ्याशेजारचा पटाशीचा दात लहान आणि टोकाकडे निमुळता असतो. गऱ्यातली बुळबुळीत आठळी चिमटीत दाबली की जशी सटकते, तसा तो अर्धवट बसलेल्या ट्रेच्या दाबातून सटकतो, आणि कधी कधी खाली येण्याऐवजी उलट हिरडीच्या दिशेने वर ढकलला जातो. फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल, नुकतीच दिसू लागली असेल आणि एका-दोन दिवसांत कमी होत असेल, तर पुढे जाता येते. नखाच्या जाडीपेक्षा मोठी फट बाराव्या दिवशीही जशीच्या तशी असेल, तर मी माझ्या रुग्णाला पुढे जाऊ देणार नाही.

नेमका हाच दात का मागे राहतो, हेही सांगतो. प्लास्टिकला ढकलणे चांगले जमते, ओढणे जमत नाही. दात हिरडीकडून खाली आणणे आणि सुळ्यासारखा गोलसर दात जागच्या जागी फिरवणे ही त्याची दोन जुनी दुखणी आहेत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पुढच्या दातांवर केलेल्या एका अभ्यासात आराखड्यात दाखवलेल्या हालचालींपैकी सरासरी ४१ टक्केच प्रत्यक्षात घडल्याचे आढळले होते, आणि दात खाली ओढण्याच्या बाबतीत तर सुमारे ३० टक्केच. २०२० मध्ये त्याच धर्तीवर पुन्हा मोजणी झाली तेव्हा सरासरी ५० टक्क्यांपर्यंत आली. साहित्य सुधारले, अटॅचमेंटचे आकार सुधारले, तरी संगणकावरच्या चित्रफितीत दात जितके शहाण्यासारखे वागतात तितके तोंडात वागत नाहीत. त्यामुळे मध्येच पुन्हा स्कॅन करून ट्रेंचा नवा संच मागवावा लागला, ज्याला आम्ही रिफाइनमेंट म्हणतो, तर उपचार फसले असे समजू नका. २४ ट्रे संपले की काम संपले, असे सुरुवातीलाच कोणी सांगितले असेल तर ते घाईने सांगितले.

निघालेल्या अटॅचमेंटची तातडी तुम्हाला वाटते त्याहून कमी आहे. खालच्या सुळ्याला पुढील ट्रेंमध्ये बरेच फिरायचे असेल तर ती लवकर लावून घ्यावी लागेल, नसेल तर पुढच्या भेटीपर्यंत थांबले तरी चालते. हे आराखडा पाहून तुमचे डॉक्टर सांगू शकतात. घरातला झटपट चिकटणारा गोंद मात्र कृपा करून लावू नका. एका रुग्णाने तसे केले होते आणि तो गोंद खरवडून काढण्यातच माझी सकाळ गेली. अटॅचमेंटसाठी पारदर्शक साचा लागतो. पुण्याच्या दवाखान्याने तो कुरिअरने पाठवला तर तुमच्या जवळचा कोणताही दंतवैद्य दात आम्लाच्या जेलने खरखरीत करून, धुऊन, पूर्ण कोरडा करून नवी अटॅचमेंट लावू शकेल. दोन्ही डॉक्टरांनी आधी फोनवर बोलून घ्यावे, इतकेच. लाळेचा थेंबभर ओलावा राहिला तर ती पुन्हा निघते. बसवलेली अटॅचमेंट एकाच जागी दोन-तीनदा निघाली, तर चावताना समोरचा दात तिच्यावर आपटतो का, किंवा ट्रे काढताना तुम्ही सुळ्यापासूनच ओढता का, हे पाहावे लागते. ट्रे नेहमी मागच्या दाढेपासून, जिभेच्या बाजूने नखाने उचलावा, मग दुसऱ्या बाजूची दाढ सोडवावी आणि पुढचे दात शेवटी.

दाढा न टेकण्याची दोन कारणे सर्रास आढळतात. वरचा आणि खालचा ट्रे मिळून दाढांच्या मध्ये सुमारे दीड मिलिमीटर प्लास्टिक येते. दिवसभर आणि रात्रभर त्यावर चावत राहिल्याने दाढा किंचित आत दाबल्या जातात. दुसरे कारण असे, की वरचे पुढचे दात आत वळताना खालच्या दातांवर आधी आपटतात आणि मागचा चावा उघडा राहतो. पहिल्या प्रकारात उपचारांच्या शेवटी ट्रेचा दाढांवरील भाग कापून दाढा मोकळ्या केल्या, की काही आठवड्यांत त्या बहुधा परत टेकतात. दुसऱ्या प्रकारात आराखडाच बदलावा लागतो. कोणता प्रकार आहे हे खुर्चीत बसवून, चाव्याचा रंगीत कागद ठेवून पाहावे लागते. मध्येच स्वतःच्या हाताने ट्रे कापू नका.

आता माझे तुम्हाला चार प्रश्न. फट पहिल्यांदा कितव्या ट्रेला दिसली? दहावा आणि नववा ट्रे आज घालून पाहिला तर त्या दातावर कसा बसतो? त्या दाताच्या दोन्ही बाजूंनी दंतदोरा सहज जातो की अडकतो? आणि ट्रे दिवसाचे खरोखर किती तास तोंडात असतो? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने न देता तीन दिवस वहीत लिहून द्यावे.

करवंद :

डॉक्टरांनी मुद्द्याचे सांगितले आहे. मी मालवणची; माझे उपचार चौदा महिन्यांत गेल्या वर्षी पूर्ण झाले, म्हणून तासांविषयी थोडे लिहिते. मला सुरुवातीला वाटायचे, की मी बावीस तास ट्रे घालते. भ्रमणध्वनीवर वेळ टिपू लागले तेव्हा साडेसतरा निघाले. आपल्याकडे दिवस जेवणांनी मोजला जात नाही, चहाने मोजला जातो. सकाळचा चहा, शेजारी कोणी आले म्हणून चहा, चारचा चहा, प्रत्येक वेळी ट्रे डबीत, मग गप्पा, मग डबीचा विसर. आंब्याच्या दिवसांत तर येता-जाता फोड तोंडात जाते. शेवटी मी खाण्याच्या चारच वेळा ठरवल्या आणि घरातल्यांना तसे सांगून टाकले. आईंना ते थोडे लागले, पण नंतर त्याच आठवण करून देऊ लागल्या.

माझी आणखी एक चूक सांगते. ट्रे तोंडात ठेवून फक्त साधे पाणी प्यावे, असे सांगितलेले असूनही उन्हाळ्यात मी कोकम सरबत घोट-घोट घेत असे. साखर आणि आंबटपणा प्लास्टिकच्या आत अडकून राहतो आणि लाळ तेथे पोहोचत नाही. दोन दातांवर खडूसारखे पांढरे डाग पडले, ते अजून पूर्ण गेलेले नाहीत. हळदीने अटॅचमेंट पिवळ्या पडतात, त्याची मात्र फार चिंता करू नये. माशाचे सार सोडून कोकणात राहायचे कसे? पिवळेपणा उपचार संपल्यावर अटॅचमेंटबरोबरच निघून जातो.

ट्रे मात्र डबीतच ठेवावा. मे महिन्यात अंगणात आमसुले वाळत घातली होती, मी तेथेच कट्ट्यावर रुमालावर ट्रे ठेवून हात धुवायला गेले आणि कावळ्याने माझा सोळावा ट्रे माडावर नेला. दहापैकी आठ दिवस तो घालून झाला होता, त्यामुळे डॉक्टरांनी सतरावा घालायला सांगितले. दोनच दिवस झाले असते तर पंधरावा घालून नव्या ट्रेची वाट पाहावी लागली असती. तेव्हापासून मी मागचा ट्रे कधीही टाकून दिला नाही.

सुरूबन :

सर्वांचे आभार. डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरे चार दिवसांनी, पण मोजून देत आहे.

तीन दिवसांची सरासरी साडेसोळा तास निघाली. शाळेत मधल्या सुट्टीनंतर ट्रे घालायला मी हमखास विसरते, कारण हात धुण्याच्या जागेवर मुलांची गर्दी असते. गणपतीच्या दिवसांत तर याहूनही कमी तास झाले असतील.

जुने फोटो पाहिले तेव्हा फट आठव्या ट्रेपासून आहे असे लक्षात आले. तेव्हा ती केसाएवढी होती म्हणून मी दुर्लक्ष केले. आज दहावा घालून पाहिला, तो बसत नाही. नववा जवळजवळ पूर्ण बसतो, त्या दातापाशी थोडा ताण जाणवतो. दंतदोरा त्या दाताच्या आणि मधल्या दाताच्या मधून जातो, परंतु सुळ्याच्या बाजूला अडकतो आणि ओढला तर त्याचे तंतू निघतात.

अटॅचमेंट निघण्याआधी आणखी एक गोष्ट घडली होती, जी मी पहिल्या वेळी लिहिली नाही. जुलैमध्ये माझी दवाखान्यात भेट ठरली होती. त्या दिवशी पावसामुळे घाट बंद होता, म्हणून मी जाऊ शकले नाही आणि त्यांनी पुढचे ट्रे कुरिअरने पाठवले. त्या भेटीत काय करायचे होते हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

खाडीकाठचा दंतवैद्य :

तुमच्या शेवटच्या परिच्छेदात बहुधा मूळ सापडले आहे. आठव्या ट्रेपासून फट आणि सुळ्याच्या बाजूला अडकणारा दोरा या दोन गोष्टी एकत्र आल्या, की मला प्रथम जागेची शंका येते. दोन भिंतींमध्ये घट्ट अडकलेली फळी नुसती ओढून खाली येत नाही. आधी कुठेतरी केसभर तासावी लागते. दात एकमेकांवर चढलेले असतील तर आराखड्यात ठराविक ट्रेच्या आधी ठराविक दोन दातांच्या मधल्या कडा थोड्या घासायच्या, अशी नोंद असते. आम्ही त्याला आयपीआर म्हणतो. जुलैच्या भेटीत तीच करायची राहिली का, हे दवाखान्याला स्पष्ट विचारा. 'कोणत्या दोन दातांच्या मध्ये, किती मिलिमीटर, कितव्या ट्रेच्या आधी, आणि माझ्याबाबतीत ती झाली का' असे चार भागांत लेखी विचारले तर लेखी उत्तर मिळते. घासण्याच्या नावाने दचकू नका. एका ठिकाणी सहसा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त घासत नाहीत, आणि तेही दोन दातांत विभागून. बाजूचे इनॅमल त्यापेक्षा पुष्कळ जाड असते.

तोपर्यंत, त्यांच्या परवानगीने, नवव्या ट्रेवर परत जा. पुढे जाऊन चिघळवण्यापेक्षा जेथे ट्रे बसतो तेथे दात धरून ठेवणे बरे. च्युई नावाची रबरासारखी मऊ गुंडाळी मिळते; ती त्याच दातावर ठेवून दिवसातून तीन वेळा पाच-पाच मिनिटे चावा, ट्रे नुकताच घातल्यानंतरचा वेळ उत्तम. आणि तास वीसच्या वर न्या. जागा नसेल तर च्युई चावून दात खाली येणार नाही, आणि जागा करून दिली पण ट्रे सोळा तासच घातला तरीही येणार नाही. दोन्ही कारणे तुमच्या बाबतीत एकत्र आहेत असे दिसते, त्यामुळे सगळा दोष दवाखान्यावर किंवा सगळा स्वतःवर घेऊ नका.

इतके करूनही दात आला नाही तर त्याच्यावर छोटे बटण चिकटवून ट्रेवरून बारीक रबर लावतात आणि त्याने तो ओढून घेतात. ते त्यापुढचे पाऊल आहे.

प्रवास वाचवण्यासाठी फोटो पाठवा, पण नीट काढलेले. दिवसाच्या उजेडात, खिडकीकडे तोंड करून, दोन चमच्यांच्या मागच्या बाजूंनी गाल बाजूला धरून समोरून, उजवीकडून आणि डावीकडून, ट्रे घालून एकदा आणि काढून दाढा टेकवून एकदा. आरशातून काढलेला धूसर फोटो पाहून कोणताही डॉक्टर 'पुढचा घाला' असेच म्हणेल. दात हाताला खूप हलत असेल, हिरडी सुजली असेल किंवा एकाच दातावर चावताना कळ येत असेल, तर मात्र फोटोंच्या भानगडीत न पडता जवळच्या दंतवैद्याला त्याच दिवशी दाखवा.

तिरफळ :

डॉक्टर, गरम पाण्याचे वाचून मी जरा चपापलो. माझा तो पाचवा ट्रे जाऊन आता आठ महिने झाले आणि तो दात अजूनही थोडा तिरका आहे. मी समजत होतो, की ट्रेच कमी दर्जाचा होता. पुढच्या भेटीत हे डॉक्टरांना सांगू का, की ते रागावतील?

खाडीकाठचा दंतवैद्य :

सांगा. आम्ही रागावतो ते न सांगितल्यामुळे, कारण मग आम्ही तीन महिने चुकीचे कारण शोधत बसतो.

सुरूबन :

जवळजवळ महिन्याने लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

लेखी विचारल्यावर दुसऱ्या दिवशी खुद्द डॉक्टरांचा फोन आला. आठव्या ट्रेच्या आधी त्या दाताच्या आणि सुळ्याच्या मध्ये ०.२ मिलिमीटर घासायचे होते. भेट रद्द झाली, ट्रे पाठवले गेले आणि नोंद तशीच राहिली. त्यांनी चूक मान्य केली आणि पुढच्याच शनिवारी बोलावले. घासण्याचे काम दहा मिनिटांत झाले, दुखले काहीच नाही, फक्त बारीक करवतीसारखा आवाज कानात राहिला. सुळ्याची अटॅचमेंटही तेव्हाच लावून घेतली. दाढांबद्दल त्यांनी रंगीत कागद ठेवून पाहिले. पुढचे दात आधी आपटत नाहीत, प्लास्टिकच्या जाडीमुळेच हे झाले आहे, असे त्यांचे मत पडले, म्हणून ते शेवटी पाहायचे ठरले.

नववा ट्रे एकूण तीन आठवडे घातला. दहावा परवा सुरू केला आणि तो त्या दातावर बसला आहे, वरच्या कोपऱ्यात अगदी केसभर फट सोडून. शाळेत मधल्या सुट्टीनंतर ट्रे घालण्याची आठवण आता चौथीतली एक मुलगी करते. "बाई, दात घातले का?" असे ती भर वर्गात विचारते, त्यामुळे विसरण्याची सोय राहिलेली नाही. गेल्या आठवड्याची सरासरी एकवीस तास आहे. केसभर फटीचा फोटो काल दवाखान्याला पाठवला आहे. दहाऐवजी चौदा दिवस हा ट्रे ठेवावा असे त्यांनी कळवले आहे.